दिरांना ‘खरं’ इटालियन, सासऱ्यांना मऊ आणि जावेला जैन

पत्र:

आम्ही मांजलपूरला राहतो. पुढच्या महिन्यात एका रविवारी सासऱ्यांना 75 वर्षं पूर्ण होतात. धाकटे दीर इटलीतल्या तोरिनोहून सहकुटुंब येतायत. जाऊ गुजराती जैन आहे, त्यांची मुलगी तीन वर्षांची. माझी मुलं 14 आणि 9 वर्षांची, शिवाय ननंद, सासू-सासरे आणि आम्ही दोघं, असे दहा जण. घरी औक्षण झाल्यावर जेवायला बाहेर जायचं ठरलं, आणि मुलांनी ‘इटालियनच’ असा हट्ट धरलाय. सासऱ्यांना कवळी आणि मधुमेह. सासूबाईंना अंडं चालत नाही. दीर म्हणतात, ‘बघ हं वहिनी, खरं इटालियन असेल तरच.’ घरच्या ग्रुपवर विचारलं तर प्रत्येकानं वेगळंच नाव दिलं. बडोद्यात साधंसं, घरच्यांना मोकळेपणी बसता येईल असं इटालियन कुठे मिळेल? जागा फसली तर बोल मलाच लागणार आहेत.

– मांजलपूरच्या एक वाचक

उत्तर:

ताई, पहिली गोष्ट म्हणजे त्या ग्रुपवर आता काही विचारू नका. दहा जणांना विचारून हॉटेल ठरत नाही, फक्त दहा जणांना नंतर ‘मी म्हटलंच होतं’ म्हणायची सोय होते.

दुसरं, मी तुम्हाला एका हॉटेलचं नाव देणार नाही. इथे स्वयंपाकी एका किचनमधून दुसऱ्यात जातात आणि त्यांच्याबरोबर चवही जाते. मागच्या वर्षी जिथे छान जेवलो तिथे पाटी तीच आणि सॉस भलताच, हे बडोद्यात सगळ्यांनी अनुभवलंय. त्यापेक्षा तुमच्या दहा जणांसाठी जागा कशी पारखायची ते सांगते.

तुमच्या दहांपैकी सहा जण कुठेही जेवतील. चौदा वर्षांच्या मुलीला समोर ताणलं जाणारं चीज दिसलं की पुरे. अडचण येणार आहे ती तिघांची: सासरे, जाऊबाई आणि ती तीन वर्षांची चिमुरडी. या तिघांचं जिथे नीट जमेल, ते तुमचं हॉटेल. दिरांच्या ‘खऱ्या’ इटालियनचा नंबर चौथा. त्यांच्याकडे नंतर येऊ.

रात्रीचं जेवण रद्द करा, दुपारी जा. हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे. शनि-रवि रात्री बडोदं घरी स्वयंपाक करत नाही हे तुम्ही जाणताच. साडेआठनंतर रेसकोर्स असो, ओल्ड पादरा रोड असो की वासणा-भायली, दारात नावं लिहून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली कुटुंबं दिसतात. 75 वर्षांच्या उत्सवमूर्तीला फुटपाथवर ताटकळत ठेवायचं नाही. रविवारी बारा-साडेबाराला तेच हॉटेल अर्धं रिकामं असतं, दहा जणांना दोन टेबलं जोडून मिळतात, वेटरला बोलायला वेळ असतो, आणि उजेड असतो. उजेडाचं महत्त्व मंद दिव्यात चष्मा कपाळावर ढकलून मेनू वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

दुपारचं आणखी एक कारण आहे. जाऊबाई कांदा-लसूण-बटाटा खात नाहीत एवढं बहुतेक तुम्हाला ठाऊक असेल. पण त्या चौविहार पाळतात का? सूर्यास्तानंतर जेवत नसतील तर रात्रीच्या जेवणात त्या नुसत्या हसत बसतील, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. थंडीत इथे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. आधी त्यांना फोन करा. तसंच सासूबाईंचं पंचांग बघून ठेवा. त्या रविवारी एकादशी किंवा संकष्टी निघाली तर सगळी आखणी साबुदाण्यापाशी येऊन थांबेल.

आता जागा. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे सल्ले इथे फारसे चालत नाहीत. तिकडे इटालियन म्हटलं की वाइन आली, बार आला, आणि मग ‘फॅमिलीला नेण्यासारखं आहे ना?’ हा प्रश्न येतो. गुजरात राज्य 1960 मध्ये झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, त्यामुळे त्या अर्थानं बडोद्यातलं जवळपास प्रत्येक हॉटेल घरगुतीच आहे. सॉसमध्ये वाइन असेल का, ही सासूबाईंची शंकाही मिटली. इथे विचारायचे प्रश्न वेगळे. पायऱ्या किती? पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू आहे का? संडास त्याच मजल्यावर आहे का? लहान मुलांची उंच खुर्ची आहे का, आणि असली तर तिचा पट्टा शाबूत आहे का? स्पीकरवर गाणी किती मोठ्यानं लावतात? सासऱ्यांना ऐकू कमी येत असेल तर शेवटचा प्रश्न पहिला विचारा, नाहीतर स्वतःच्याच पंच्याहत्तरीला ते दोन तास ‘काय?’ ‘काय?’ करत बसतील.

यातली निम्मी उत्तरं फोन न करता मिळतात. गूगल मॅप्सवर हॉटेलनं टाकलेले फोटो सोडून द्या, ते सगळीकडे सारखेच सुंदर. गिऱ्हाइकांनी काढलेले, अलीकडचे फोटो बघा. मागच्या टेबलावर आजी-आजोबा दिसतात का, खुर्च्यांना पाठ आहे की नुसती स्टुलं आहेत, जिना दिसतो का, ताटातला पिझ्झा जाहिरातीतल्यासारखा नसला तरी भाजलेला आहे का. अभिप्रायांत ‘जैन’, ‘हाय चेअर’, ‘पार्किंग’, ‘वेटिंग’ असे शब्द शोधा. ताऱ्यांकडे मी फारशी बघत नाही. वाढदिवसाला फुकट केक मिळाला म्हणून पाच तारे देणारे पुष्कळ असतात.

मेनूचाही फोटो सापडतो. बडोद्यात इटालियनच्या बरोबर मेक्सिकन, सिझलर, फॉन्ड्यू आणि क्वचित पनीर टिक्काही असतो. दीर नाक मुरडतील, तुम्ही मुरडू नका. ननंदेला पास्ता आवडला नाही तर तिची सोय तिथेच होते. फक्त एक बघा: इटालियनच्या पानावर ‘रेड, व्हाइट, पिंक’ या तीन सॉसपलीकडे काही आहे का? लझान्या, रिझोटो, मिनेस्त्रोने सूप, रॅव्हिओली यांपैकी दोन-तीन असतील तर किचनमध्ये कुणीतरी शिकलेलं माणूस आहे असं समजायला हरकत नाही. अनलिमिटेड पिझ्झावाल्या जागा मुलांच्या वाढदिवसाला ठीक, पण तिथे सूप, सॅलड घ्यायला सारखं उठावं लागतं आणि जो तो पैसे वसूल करायच्या मागे लागतो. पंच्याहत्तरीला नको.

दोन-तीन नावं पक्की झाली की फोन करा. मंगळवार-बुधवारी, दुपारी चारच्या सुमारास. त्या वेळी किचनमधला माणूस फोनवर येऊ शकतो. गल्ल्यावरच्या मुलाला विचारू नका, तो प्रत्येक गोष्टीला ‘हा, थई जशे’ म्हणेल. जैनच्या बाबतीत तर हे फार होतं. ‘जैन करी आपीशुं’ (जैन करून देऊ) हे वाक्य बडोद्यात कुठेही ऐकू येतं. पण काही ठिकाणी त्याचा अर्थ पिझ्झ्यावरून कांदा काढणं एवढाच असतो, आणि खालच्या तयार सॉसमध्ये लसूण असतोच. म्हणून नेमकं विचारा: ‘जैन सॉस जुदो बनावो छो?’ (वेगळा करता का?) पास्त्यावर भुरभुरायचं तयार सीझनिंग बऱ्याचदा ओरेगॅनोबरोबर लसणाची पूड मिसळलेलं असतं, तेही विचारा. लझान्या आधी रचून ठेवलेला असतो, आयत्या वेळी जैन होत नाही, आदल्या दिवशी सांगावं लागतं. रिझोटोच्या पाण्यात बहुधा कांदा उकळलेला असतो. मिनेस्त्रोनेत गाजर-कांदा-बटाटा तिन्ही, आणि न्योक्की म्हणजे बटाट्याचेच गोळे. मग जाऊबाईंना काय उरतं? पुष्कळ उरतं. वेगळ्या सॉसचा पिझ्झा, वर सिमला मिरची, मका, ऑलिव्ह. किंवा लोणी, मैदा आणि दुधाचा व्हाइट सॉस घालून मका-ब्रोकोलीचा पास्ता, लसूण न घालता. मशरूम मात्र त्यांना विचारल्याशिवाय मागवू नका.

सासूबाईंच्या अंड्याचं सोपं आहे. वाळवलेला, पाकिटातला पास्ता बहुतेक गव्हाचा रवा आणि पाणी यांचाच असतो. अंडं असतं ते बहुधा हाती केलेल्या ताज्या पास्त्यात. ‘आमच्याकडे फ्रेश पास्ता आहे’ असं कुणी अभिमानानं सांगितलं तर तिथेच विचारायचं. गोडात तिरामिसू मूळचा अंड्याच्या बलकाचा. इथे बहुतेक ठिकाणी अंड्याविना करतात, पण गृहीत धरू नका. पानाकोट्टा जिलेटिननं गोठवतात, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून येतं. शाकाहारी किचनमध्ये त्याऐवजी अगर-अगर वापरतात. फतेगंजच्या बाजूला मिश्र किचनची हॉटेलं आहेत. तिथे जायचं असेल तर भांडी आणि तवा वेगळा आहे का, हा प्रश्न वाढवा. तुमच्या घरासाठी मी सरळ ‘प्युअर व्हेज’ पाटी शोधेन, निम्मे प्रश्न दारातच मिटतात.

आता भावोजींचं ‘खरं’. त्यांना गाठून शांतपणे सांगा की खरं इटालियन हवं असेल तर त्यांच्याच बायकोला आणि आईला उपाशी राहावं लागेल. पार्मिजानो रेज्जानो हे चीज नियमानुसार वासराच्या पोटातल्या रेनेटनंच (दूध घट्ट करणाऱ्या पाचकरसानंच) विरजावं लागतं, दुसरं चालत नाही. पेकोरिनो रोमानोला कोकराचं लागतं. पारंपरिक पेस्तोत, म्हणजे त्या हिरव्या बेझिलच्या सॉसमध्येही, पार्मिजानो पडतं. ते राहतात त्या तोरिनोच्या भागातला नावाजलेला ताजारिन पास्ता तर अंड्याच्या बलकांवरच मळतात. आपल्याकडचं पाकिटातलं चीज बहुतेक शाकाहारी रेनेटचं असतं, हिरवा ठिपका बघून घेता येतो. तेव्हा बडोद्यातलं चीज खोटं म्हणून नव्हे, तर आईला चालतं म्हणून ते खायचं. एवढं कळल्यावरही कुरकुरले तर त्यांचा तो स्वभाव समजा.

नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा हाही त्यांच्या मनात असेल. 2017 मध्ये युनेस्कोनं त्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि चांगला झाला तर तो खरंच अप्रतिम असतो. सव्वाचारशे ते पावणेपाचशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंदांत भाजतात, कडा फुगते, डाग पडतात आणि मध्ये तो ओलसर राहतो. शहरात लाकडाच्या भट्टीची जागा सापडली तर एक जरूर मागवा, भावोजींसाठी. पण सासूबाई त्याला कच्चा म्हणणार आणि करपलेलाही म्हणणार, एकाच दमात. त्यांच्यासाठी वेगळा, नीट खरपूस सांगा.

एक गोष्ट मात्र खरोखर इटलीची आहे आणि तुमच्या उपयोगाची आहे. तिथे लहान मुलांना आणि आजारी माणसाला नुसतं लोणी किंवा तेल आणि थोडं चीज लावून पास्ता देतात, ‘इन बिआंको’ म्हणतात. आपल्याकडचं कुठलंही किचन हा पास्ता दहा मिनिटांत देऊ शकतं, फक्त ‘ओरेगॅनो नको, चिली फ्लेक्स नकोत, मिरपूडही नको’ असं तिन्ही शब्दांत सांगावं लागतं, नाहीतर हात आपोआप जातो. बसल्या बसल्या हाच पहिला मागवा. तीन वर्षांचं पोट भरलेलं असलं की बाकीच्यांचं जेवण जेवणासारखं होतं. ग्रिसिनी म्हणजे त्या लांब कुरकुरीत काड्या मिळाल्या तर त्याही मागा. त्या तोरिनोच्याच, पोरीला ओळखीच्या वाटतील.

सासऱ्यांचं जरा सविस्तर. कवळीला पिझ्झ्याची कडक कड आणि ब्रुस्केट्टाचा भाजलेला पाव दोन्ही वैरी. पास्ता इटालियन लोक दाताला लागेल असा ठेवतात. त्यांचा दोन-तीन मिनिटं जास्त शिजवायला सांगा आणि लांब नळ्यांऐवजी छोटा आकार घ्या. लझान्या मऊ असतो, चमच्यानं तुटतो. रिझोटो तर आपल्या मऊभातासारखाच, तो त्यांना बहुधा सगळ्यात आवडेल. मधुमेहासाठी मात्र बेत आधी ठरवा. पाव, पास्ता, पिझ्झा, भात सगळं पिष्टमयच आहे. म्हणून आधी सूप आणि भरपूर सॅलड, मग एकच मुख्य पदार्थ, अर्धा. आणि हे विसरू नका: जेवणाआधीचं इन्सुलिन किंवा गोळी असेल तर ती मात्रा घरीच उरकून निघू नये, सोबत न्यावी. रविवारी पिझ्झा पाऊण तासानंही येऊ शकतो आणि तोवर साखर खाली जाते. ताट समोर आल्यावर घ्यावं का, हे त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. पर्समध्ये बिस्किटं असू द्या.

दहा जणांना मागवायचं किती? माझा अंदाज: तीन-चार सूप वाटून, एक मोठं सॅलड, चार पिझ्झे (एक मार्गेरिटा, एक जैन, एक मुलांच्या मर्जीचा, एक भावोजींचा), एक लझान्या, एक रिझोटो, दोन पास्ते आणि तो बिनमिरचीचा. कमी पडलं तर पुन्हा सांगता येतं. सगळं एकदम सांगू नका, पिझ्झा थंड झाला की चीज रबर होतं. गोड तिथे एखादंच, वाटून. श्रीखंड घरी करून ठेवा, संध्याकाळी सगळे पुन्हा भुकेले होणारच आहेत. केक न्यायचा असेल तर बाहेरचा आणू देतात का आणि कापण्याचे पैसे लावतात का, तेही फोनवरच विचारा.

बिलाबद्दल दोन शब्द. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी पाच टक्के असतो. साडेसात हजारांहून महाग खोल्या असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला अठरा, त्यामुळे अलकापुरीच्या एखाद्या बड्या हॉटेलात जायचा मोह झाला तर हिशेबात धरा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा करता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये तसं स्पष्ट सांगितलं आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. नको असेल तर काढायला सांगा, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. त्याऐवजी ज्या मुलानं दोन तास धावपळ केली त्याच्या हातात थेट द्या. आणि बिल कोण देणार हे आदल्या रात्रीच तुमच्या यजमानांनी भावाशी ठरवून टाकावं. टेबलावरची ओढाताण सासऱ्यांना आवडणार नाही, बघणाऱ्यांना आवडते.

भावोजींना बडोद्यात इटली दाखवायचीच असेल तर तीही आहे, जेवणात नाही एवढंच. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलची फरशी व्हेनिसच्या मोझेइकची आहे, आणि सयाजीराव महाराजांनी आणवलेल्या फेलिची या इटालियन शिल्पकाराची कामंही तिथे आहेत. सकाळी औक्षणानंतर वडिलांना घेऊन दोघं भाऊ जाऊन येऊ देत. तासभर घर मोकळं मिळेल, तुम्हालाही साडी बदलायला वेळ मिळेल.

राहता राहिला तुमचा बोल लागण्याचा प्रश्न. तुम्ही दोन जागा निवडा, वरची सगळी चौकशी करा, आणि दोन्ही नावं भावोजींना पाठवा: ‘यातलं एक तुम्ही ठरवा, आईंचं, वडिलांचं आणि जाऊबाईंचं दोन्हीकडे जमतं.’ मग टेबल त्यांच्याच नावानं लावायचं.